तिरप्या एक्स-रेत (००२) पीक गेलं कुठं आणि (१०३) उगवलं कसं?

गाळपेर (सोम, रात्री १०:५२)

नमस्कार मंडळी. या विभागात माझा हा पहिलाच धागा, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी परभणी जिल्ह्यातला. पीएचडीचं तिसरं वर्ष चालू आहे, काम झिंक ऑक्साइडच्या पातळ थरांवर. पद्धत सोल-जेल: झिंक ॲसिटेट, मिथॉक्सीइथेनॉल आणि मोनोइथेनॉलअमाइन यांचं द्रावण, काचेच्या पट्टीवर स्पिन कोटिंग, मिनिटाला ३००० फेरे, ३० सेकंद. प्रत्येक थरानंतर हॉट प्लेटवर ३०० अंशांना १० मिनिटं. असे सहा थर आणि शेवटी भट्टीत ४५० अंशांना तासभर. जाडी सुमारे १२० नॅनोमीटर भरते.

आमच्या कॉलेजातल्या साध्या थीटा-टूथीटा मशिनवर (एक्स-रे टाकून स्फटिकाची रचना बघायचं यंत्र) घेतलं की २० ते ३५ अंशांत काचेचा भला मोठा फुगवटा येतो आणि त्याच्या उतारावर ३४.४ ला (००२) चं एवढंसं पीक (म्हणजे आलेखातलं टोक). बाकी शांतता. पेपर पाठवला तर तपासणाऱ्यानं एका ओळीत लिहिलं की थर पातळ आहे, ग्रेझिंग इन्सिडन्सला, म्हणजे किरण जवळजवळ घासून पाठवून, घ्या. मग एका बाहेरच्या केंद्रात पट्टी पाठवली. येणाऱ्या किरणाचा कोन ०.५ अंशांवर पक्का, डिटेक्टर २० ते ८०.

निकाल बघून हातपाय गळाले. काचेचा फुगवटा खाली गेला, ते झकास. पण (००२) जवळजवळ नाहीच, आणि ६३ च्या आसपास (१०३) सगळ्यात उंच! झिंक ऑक्साइडच्या पावडरच्या संदर्भ कार्डावर (क्र. ३६-१४५१) सगळ्यात उंच (१०१) आहे, ते १०० धरलं तर (१०३) फक्त २९ आहे. माझ्याकडं (१०१) सुद्धा नाही.

गाईड सरांनी आलेख दोन मिनिटं बघितला आणि म्हणाले, "ही आपली पट्टीच नाही. तिकडं अदलाबदल झालीय." केंद्राला तसं पत्र लिहायला सांगितलंय. सिनॉप्सिस तोंडावर आहे. पत्र टाकायच्या आधी विचारतो: असा आलेख खरंच येऊ शकतो का?

धुऱ्यावरून (सोम, रात्री ११:१५)

शीर्षक वाचून शेतीचा धागा समजून आलो. (००२) म्हटलं एखादं नवं बियाणं असेल.

गाळपेर (सोम, रात्री ११:२१)

दादा, हे घरीबी रोजचं आहे. वडिलांचा फोन येतो, "पीक कसं हाय?" परवा म्हणालो, एकच आलंय आणि तेबी नको तिथं. ते म्हणाले, "मग मोडून टाक अन् हरभरा पेर."

चाळीस_केव्ही (मंगळ, सकाळी ७:४०)

मी अशाच एका मशिनवर बसतो (तुमच्या केंद्रातला नाही, आधीच सांगतो). अदलाबदल होते, नाही असं नाही. म्हणून चार प्रश्न. पट्टीच्या मागं डायमंड पेन्सिलनं खूण केली होती का? पट्टी केवढी? कोटिंग एकाच बाजूला का दोन्ही? आणि डिटेक्टरपुढं समांतर पट्ट्यांचा कोलिमेटर (एकाच दिशेचे किरण आत सोडणारा) होता का नुसती फट?

गाळपेर (मंगळ, सकाळी ९:०५)

खूण आहे सर, 'झेड-६' असं कोरलंय. त्यांनी पट्टीचा फोटो पाठवला होता, त्यात दिसतंय. तुकडा २५ बाय २५ मिमी. स्पिन असल्यानं एकच बाजू. समोर गोबेल मिरर (किरण समांतर करणारा आरसा) आणि डिटेक्टरकडं समांतर पट्ट्यांचा कोलिमेटर, असं रिपोर्टवर आहे.

चाळीस_केव्ही (मंगळ, सकाळी ९:३०)

मग पत्र लिहू नका. पट्टी तुमचीच आहे. बाकीचं कातळ सर सांगतील, त्यांना हाक मारली आहे.

कातळ (मंगळ, रात्री ९:१०)

आलो. निवृत्त माणसाला रात्रीच वेळ मिळतो, दिवसा नातवंडं मशिन चालवतात.

गाळपेर, तुमचा आलेख बरोबर आहे आणि तुमचा थर तुम्हाला वाटतो त्याहून चांगला आहे. कसं ते सावकाश सांगतो.

कापसाची चौफुली लागवड डोळ्यांपुढं आणा. बांधावर एका जागी उभं राहिलं की सरळ ओळी दिसतात. चार पावलं सरकलं की त्या मोडतात आणि तिरक्या ओळी जुळून येतात. झाडं तीच असतात. स्फटिकातले अणूही असेच लावलेले असतात आणि (००२), (१०३), (१०१) ही त्यांतल्या वेगवेगळ्या ओळींची, म्हणजे प्रतलांची, नावं. एखाद्या प्रतलाचं पीक दिसायला दोन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. एक, ब्रॅगचा नियम: प्रतलांतलं अंतर आणि कोन यांचा मेळ. ही सगळ्यांना पाठ असते. दुसरी अशी की येणारा आणि जाणारा किरण यांच्या बरोबर मध्ये त्या प्रतलाचा लंब उभा असला पाहिजे. ही दुसरी अट आपण साध्या मशिनवर काम करता करता विसरतो, कारण तिथं मशिनच ती सांभाळतं. नळी आणि डिटेक्टर दोघं सारखे वर चढतात, त्यामुळं मधली रेघ कायम काचेला लंब राहते. म्हणजे साध्या स्कॅनमध्ये तुम्ही फक्त काचेला समांतर असलेली प्रतलं बघता. दुसरी बघतच नाही.

आता ग्रेझिंगला काय होतं? येणारा किरण ०.५ अंशांवर जखडलेला. फक्त डिटेक्टर वर जातो. मग मधली रेघ काचेच्या लंबापासून कलत जाते. किती? थीटा वजा ०.५ इतकी. म्हणजे प्रत्येक पिकाच्या जागी तुम्ही वेगळ्या कलाची प्रतलं बघताय.

(००२) चा थीटा १७.२१, आलेखावरच्या टूथीटाच्या निम्मा. तिथं मशिन विचारतंय: काचेपासून १६.७ अंश कललेली (००२) प्रतलं आहेत का कुणाकडं? पावडरमध्ये कण कसेही पडलेले असतात, कुणीतरी 'हाय की' म्हणतंच. तुमच्या थरात मात्र सगळे कण टोपलीतल्या भाकऱ्यांसारखे एकावर एक आडवे पडलेत, सी-अक्ष (कणाचा उभा अक्ष) सरळ वर. सोल-जेल झिंक ऑक्साइडला ही खोडच आहे. १६.७ अंश कललेलं कुणीच नाही. म्हणून (००२) गेलं.

आता (१०३). षट्कोनी जाळीत सी-अक्ष आणि (१०३) चा लंब यांच्यातला कोन काढा आणि मशिन ६२.८६ ला कोणता कल मागतंय तोही काढा. उत्तर मी देत नाही. एवढं केलंत की गाईड सरांकडं जायला हिंमत येईल.

भूमिती_लातूर (मंगळ, रात्री १०:०२)

मी भौतिकशास्त्राचा नाही, बारावीला गणित शिकवतो, पण असा आकडा समोर टाकला की झोप लागत नाही.

(१०एल) प्रतलासाठी कोनाचा टॅन = (२ भागिले वर्गमूळ ३) गुणिले (सी भागिले ए) गुणिले (१ भागिले एल). झिंक ऑक्साइडचं सी/ए, म्हणजे जाळीची उंची भागिले बाजू, १.६०२. एल = ३ टाकलं की टॅन ०.६१६६, म्हणजे कोन ३१.६६ अंश.

मशिन मागतंय ३१.४३ वजा ०.५, म्हणजे ३०.९३.

फरक ०.७३ अंश! माझ्या अंगावर काटा आला राव. (१०१) साठीही काढलं: कोन ६१.६, मशिनची मागणी १७.६ च्या आसपास. जवळपासही नाही. (१०२): ४२.८ विरुद्ध २३.३. नाहीच.

गाळपेर (मंगळ, रात्री १०:२५)

सर... तीन वर्षं झाली, मला हे कुणी सांगितलं नाही. मीही कधी विचारलं नाही म्हणा.

पण एक शंका. कण सी-अक्षावर उभे आहेत हे ठीक, पण (१०३) चा लंब ३१.६६ अंशांवर असला तरी तो बरोबर किरणाच्या दिशेलाच कललेला पाहिजे ना? उजवीकडं कलला, मागं कलला तर?

कातळ (मंगळ, रात्री १०:४८)

शाबास. ही शंका आली म्हणजे विषय समजला.

छत्री उघडा. दांडा म्हणजे सी-अक्ष, काड्या म्हणजे (१०३) चे लंब. एका कणाला अशा सहा काड्या वरच्या बाजूला. काचेला स्वतःची शिस्त नसते, त्यामुळं कण सरळ उभे राहतात पण दांड्याभोवती कसेही फिरलेले असतात. लाखो छत्र्या, प्रत्येक वेगळी फिरवलेली. तुमच्या दिशेला काडी असलेल्या छत्र्या हमखास सापडणार. याला तंतू-पोत म्हणा, फायबर टेक्श्चर. एकसंध स्फटिकावर वाढवलेला थर असता तर छत्र्याही एकाच तऱ्हेनं फिरलेल्या असत्या आणि मग पट्टी जागच्या जागी फिरवून शोधत बसावं लागलं असतं.

श्वास_रोखा (बुध, दुपारी २:१५)

मी बीडला एका दवाखान्यात एक्स-रे तंत्रज्ञ आहे, जेवणाच्या सुट्टीत वाचतेय. प्रश्न अडाणी वाटेल. आमच्याकडं किरण माणसाच्या आरपार जातो, म्हणून तर फिल्म निघते. मग इथं तो काचेवर 'घासून' जातो, पृष्ठभागावरच राहतो, हे काय प्रकरण आहे? एक्स-रे परत फिरतो का कधी?

कातळ (बुध, रात्री ८:५०)

ताई, अडाणी अजिबात नाही, १९२३ पर्यंत याचं प्रयोगानं दिलेलं उत्तर नव्हतं. ते कॉम्प्टननं दिलं. कॉम्प्टन परिणामवाला तोच.

पैठणला नाथसागराच्या काठी चपटा खडा पाण्यावर फेकलाय का? उभा टाकला तर डुबकन बुडतो. जवळजवळ आडवा फेकला की टप्पे खात जातो. एक्स-रेचं तसंच होतं, मात्र कारण वेगळं. काच, धातू, पाणी, कशातही एक्स-रेचा अपवर्तनांक १ पेक्षा किंचित कमी असतो. किंचित म्हणजे लाखात एक-दोन भाग. साध्या प्रकाशाला पाण्यातून हवेत येताना जे पूर्ण परावर्तन होतं ते एक्स-रेला हवेतून पदार्थात शिरताना होतं, कारण त्याच्या दृष्टीनं हवाच 'दाट'. फरक इतका बारीक असल्यानं कोनही बारीक लागतो. तांब्याच्या नळीचा किरण, तरंगलांबी १.५४०६ अँगस्ट्रॉम, घेतला तर क्रांतिक कोन सिलिकॉनला ०.२२ अंश, झिंक ऑक्साइडला ०.३३, सोन्याला साधारण अर्धा अंश. जितके इलेक्ट्रॉन दाटीनं, तितका कोन मोठा.

त्या कोनाच्या खाली किरण पदार्थात जवळपास शिरत नाही, दोन-तीन नॅनोमीटर वरवर चाटून परततो. तुमच्या दवाखान्यात किरण समोरून येतो आणि त्याची ऊर्जाही जास्त असते, म्हणून तुम्हाला हे कधी दिसणार नाही.

अवांतर: आकाशातल्या एक्स-रे दुर्बिणी याच युक्तीवर चालतात. २०१५ साली सोडलेल्या आपल्या ॲस्ट्रोसॅटवरच्या दुर्बिणीत सोन्याचा मुलामा दिलेल्या पत्र्यांच्या आरशांवर किरण असाच खेटून पाठवतात. ती मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झाली.

श्वास_रोखा (बुध, रात्री ९:०५)

वा! आमच्याकडं कोन चुकला तर पेशंटला परत बोलवावं लागतं, तुमच्याकडं कोन चुकला तर पीएचडी. अपवर्तनांक १ पेक्षा कमी म्हणजे प्रकाशापेक्षा वेगानं का मग?

भूमिती_लातूर (बुध, रात्री ९:२०)

लाटेचा शेंडा वेगानं सरकतो, त्यातून निरोप काही लवकर पोहोचत नाही. आइन्स्टाइन सुरक्षित आहेत.

चाळीस_केव्ही (बुध, रात्री ११:३०)

कातळ सरांनी कागदावरचं सांगितलं. आता आमची हमाली ऐका, कारण 'अर्ध्या अंशावर लावा' असं फॉर्मवर लिहायला पाच सेकंद लागतात आणि लावायला पाऊण तास.

आधी डिटेक्टर शून्यावर, पुढं तांब्याचा पातळ पत्रा, नाहीतर सरळ किरणानं डिटेक्टर आंधळा होतो. मग पट्टी खालून मिलीमीटरच्या शंभराव्या भागानं वर आणायची. एका जागी मोजणी बरोबर निम्मी होते: पट्टीनं अर्धा किरण कापला. तिथं थांबून पट्टी पुढं-मागं झुलवायची. मोजणी जिथं सगळ्यात जास्त, तिथं ती किरणाला समांतर. झुलवली की उंची बिघडते. परत उंची, परत झुला. तीन फेऱ्या तरी. मग डिटेक्टर ०.४ ला नेऊन परावर्तित किरण शोधायचा. पट्टी बरोबर ०.२ दाखवते तिथं तो सापडला पाहिजे. ०.२२ ला सापडला तर शून्य ०.०२ नं सरकवायचं. पूर्ण परावर्तन म्हणजे आमची पाणसळ, गवंड्याची असते तशीच. एवढं झालं आणि बरोबर त्याच वेळी लाइट गेली, हे मी महिन्यातून दोनदा अनुभवतो. यूपीएस मशिनला आहे, चिलरला नाही. पाणी थांबलं की नळी बंद.

लोक पट्टी प्लॅस्टिसिनच्या गोळ्यावर दाबून बसवतात. तासाभरात गोळा बसतो, पट्टी कलते. साध्या स्कॅनला कुणाच्या लक्षातही येत नाही. इथं सगळा खेळच दशांश अंशाचा.

आणखी एक. किरण ०.१ मिमी उंच असला तरी ०.५ अंशावर तो पट्टीवर ११.५ मिमी लांब पसरतो. दिवस मावळताना माणसाची सावली कशी बांध ओलांडून जाते, तसं. ०.२ अंशावर साडेअठ्ठावीस मिमी, म्हणजे २५ च्या पट्टीबाहेर सांडला. त्यामुळं 'अजून तिरपं घ्या, अजून चांगलं येईल' म्हणणाऱ्यांना मी आधी पट्टी मोजायला लावतो. फायदा मात्र खरा आहे. १२० नॅनोमीटरच्या थरातून १७ अंशांनी गेलात तर किरणाची वाट ४०० नॅनोमीटर, अर्ध्या अंशानं गेलात तर साधारण १४ मायक्रोमीटर, चौतीस पट. काचेचा फुगवटा म्हणूनच दबतो. नांगर खोल जाऊन खालची ढेकळं वर काढतो, वखराची पास वरचा थर खरवडते, एवढंच.

कातळ (गुरु, सकाळी ६:३५)

वखर लागू पडलं. गाळपेर, आता एक विचारतो, रागावू नका. (१०३) नेमकं किती अंशावर आलं? आणि त्यावरून तुम्ही पेपरात काही लिहून तर ठेवलं नाही ना?

गाळपेर (गुरु, सकाळी ८:१०)

६२.९८ ला आलं सर. कार्डावर ६२.८६. मसुद्यात लिहिलंय की प्रतलांतलं अंतर ०.१७ टक्के कमी झालं आहे, म्हणजे थरात दाबाचा ताण आहे, आणि त्याचं कारण काच आणि झिंक ऑक्साइड यांच्या प्रसरणातला फरक. एक अख्खा परिच्छेद.

कातळ (गुरु, सकाळी ८:४०)

तो परिच्छेद काढा.

किरण ०.५ नं येतो, पण झिंक ऑक्साइडमध्ये शिरताना वाकतो आणि आत ०.५ चा वर्ग वजा क्रांतिक कोन ०.३३२ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ, म्हणजे ०.३७४ अंशांनी पुढं जातो. तुम्ही मोजता बाहेरच्या ०.५ पासून. फरक ०.१२६. पीक तेवढं पुढं दिसणारच. ६२.८६ मध्ये मिळवा: ६२.९९. तुमचं ६२.९८. ताण वगैरे काही नाही, निदान या मोजणीतून तरी नाही.

१ अंशावर घेतलं असतं तर हाच सरक ०.०५७ उरला असता. क्रांतिक कोनाजवळ गेलं की पृष्ठभाग छान दिसतो आणि पिकांच्या जागा खोटं बोलतात. दोन्ही एकदम पाहिजे असेल तर दुरुस्ती करूनच आकडा लिहायचा. छापून आलेल्या पेपरांतही हा 'ताण' मी पुष्कळदा बघितलाय.

गाळपेर (गुरु, सकाळी ८:४४)

वाचलो.

धुऱ्यावरून (गुरु, सकाळी ९:००)

मला काही कळंना पण तो परिच्छेद काढला म्हणून मीबी खूश आहे. वाचनखूण साठवली.

वेफरवाला (गुरु, दुपारी १२:२०)

धागा पळवत नाही, पण माझंही दुखणं इथंच बसतं. माझे थर सिलिकॉन (१००) च्या वेफरवर, म्हणजे एकसंध स्फटिकाच्या चकतीवर. ग्रेझिंग ०.५ ला घेतलं की ५१-५२ च्या मध्ये सुईसारखं एक पीक येतं. कुठल्याच कार्डाशी जुळत नाही. गेल्या वर्षी एका परिषदेत पोस्टरवर त्याला 'नवीन फेज' (नवा स्फटिक प्रकार) म्हणून मोकळा झालो.

चाळीस_केव्ही (गुरु, दुपारी १:०५)

पट्टी जागच्या जागी वीस अंश फिरवा. सुई गेली तर ती तुमच्या वेफरची.

कातळ (गुरु, रात्री ९:२५)

हो. (१००) पासून (३११) २५.२४ अंशांवर असतं. मशिनला तो कल हवा तर थीटा २५.७४, टूथीटा ५१.५. तांब्याच्या मुख्य किरणासाठी (३११) ची जागा ५६.१ आहे, म्हणजे इथं ते बसायला नको. पण नळीतून पांढरा एक्स-रेही निघतो, सगळ्या तरंगलांबींचा, मंद. त्यातली १.४२ अँगस्ट्रॉमची लांबी या कोनाला अचूक बसते आणि एकसंध स्फटिक तेवढ्यावरही सुई उभी करतो. तुमची नवीन फेज म्हणजे दुकानातून आणलेला वेफर. पोस्टरचं मनावर घेऊ नका, पोस्टर कुणी वाचत नाही.

वेफरवाला (गुरु, रात्री ९:४०)

पोस्टरला बक्षीस मिळालं होतं हो सर, तोच तर त्रास आहे.

नियम_म्हणजे_नियम (शुक्र, सकाळी १०:३०)

एवढं सगळं वाचून माझं मत बदललं नाही. पातळ थर असेल तर ग्रेझिंगच घ्यायचं, हे जगभर मान्य आहे. तपासणाऱ्यानं बरोबरच सांगितलं. (००२) दिसत नसेल तर थर दर्जेदार नाही, एवढा साधा अर्थ. बाकी छत्र्या आणि भाकऱ्या म्हणजे गाईडला पटवायच्या गोष्टी.

कातळ (शुक्र, रात्री ८:१५)

साहेब, उलट आहे. कण वेडेवाकडे असते तर (००२) ग्रेझिंगला निमूट दिसलं असतं. तपासणाऱ्यांना 'थर पातळ, ग्रेझिंग घ्या' असं लिहायची सवय झाली आहे. थराला दिशा आहे का, हे कुणी विचारत नाही. दिशा नसलेल्या थराला ग्रेझिंगसारखं दुसरं नाही. दिशा असलेल्या थराला ते अर्धीच गोष्ट सांगतं, आणि ती अर्धी (१०३) च्या तोंडून.

माझं म्हणणं खोटं पाडायचं असेल तर सोपी चाचणी आहे. तीच पट्टी, कोन ०.५, २, ५, १०, १४ आणि १७.२ असा वाढवत न्या. माझं खरं असेल तर (१०३) पडत जाईल, ५ पर्यंत मरेल, कारण तिथं कलाचा फरक सव्वापाच अंश होतो. आणि (००२) १७.२ जवळ येईपर्यंत तोंड दाखवणार नाही. तुमचं खरं असेल तर दोन्ही अशी उलटसुलट वागणार नाहीत. शिवाय (००२) वर डिटेक्टर ठेवून पट्टी झुलवून बघायची. कण किती सरळ उभे आहेत ते त्या पिकाच्या रुंदीवरून कळतं.

आणि खरंच फक्त पृष्ठभागच बघायचा असेल, तर येणारा आणि जाणारा दोन्ही किरण पृष्ठभागाला खेटून ठेवायचे, म्हणजे काचेला उभी असलेली प्रतलं दिसतात. १९७९ साली मार्रा, आयझेनबर्गर आणि चो यांनी गॅलियम आर्सेनाइड आणि ॲल्युमिनियमच्या सांध्यावर ते केलं. आता त्यासाठी सिंक्रोट्रॉनवर (अतिप्रखर एक्स-रे देणारं मोठं यंत्र) जातात. आपल्याला जवळचं म्हणजे इंदूरचं इंडस-२, २.५ जीईव्हीचं. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं सकाळी इंदूर.

नियम_म्हणजे_नियम (शुक्र, रात्री ८:५०)

चाचणी मान्य. निकाल इथंच टाका.

चाळीस_केव्ही (शनि, सकाळी ८:००)

गाळपेर, त्याच स्कॅनवरून कणांचा आकार काढायला शेररचं सूत्र लावणार असाल तर थांबा. ग्रेझिंगला पीक रुंद होण्यात कोलिमेटरच्या फटीचा वाटा मोठा असतो. त्याच फटींनी लॅन्थॅनम हेक्झाबोराइडच्या प्रमाण नमुन्याचा स्कॅन घ्या, ती रुंदी वजा करा, मग आकार बोला. नाहीतर १० नॅनोमीटरचे कण छापाल आणि मायक्रोस्कोपमध्ये ३० चे निघतील.

गाळपेर (तीन आठवड्यांनंतर, रवि, रात्री ९:३०)

मंडळी, उशीर झाला, माफी असावी. मध्ये पेरण्या होत्या, घरी जावं लागलं.

पत्र लिहिलं नाही. त्याऐवजी केंद्रात फोन करून तीच पट्टी पुन्हा लावायची विनंती केली आणि आमच्या मनात काय आलं होतं तेही सांगून टाकलं. तिथले ऑपरेटर हसले आणि म्हणाले, "असं सांगणारे तुम्ही पहिले, मनात आणणारे पुष्कळ."

निकाल असा. ०.५ ला (१०३) उंच, (००२) नाही. २ ला (१०३) निम्म्याहून खूप खाली. ५ ला त्याची नुसती सावली. १० ला दोन्ही नाहीत, काचेचा फुगवटाच फुगवटा. १४ ला (००२) नं डोकं वर काढलं. १७.२ ला ताठ उभं. जाग्यावर, ३४.४२ ला.

सरांना आलेख एकावर एक रचून दाखवले. बराच वेळ बघत बसले. मग छत्रीचं सांगितलं तर खुंटीवरची छत्री खरंच काढून उघडली. ताणाचा परिच्छेद गेला, त्या जागी आता पोताचा परिच्छेद आहे. तपासणाऱ्याला उत्तर लिहितोय.

झुलवायचा स्कॅन मात्र आमच्याच मशिनवर घेतला. ओमेगा (पट्टीचा कोन) वेगळा फिरवता येतो हे मेन्यूत होतं, तीन वर्षांत कुणी उघडून बघितलं नव्हतं. रुंदी ४.२ अंश आली.

नियम_म्हणजे_नियम (रवि, रात्री ९:५५)

मान्य. अभिनंदन. पण नियम म्हणून ग्रेझिंग आधी घ्यायला माझी अजूनही हरकत नाही.

भूमिती_लातूर (रवि, रात्री १०:१०)

बारावीच्या पोरांना उद्या फळ्यावर ३१.६६ आणि ३०.९३ देणार आहे. कुठून आले ते सांगणार नाही.

गाळपेर (रवि, रात्री १०:२०)

एक राहिलंच कातळ सर. झुलवायच्या स्कॅनचा मध्य १७.२१ ला यायला पाहिजे ना? माझा १७.६ ला आलाय. हेबी अपवर्तनच का?

कातळ (रवि, रात्री १०:३१)

एवढ्या मोठ्या कोनाला अपवर्तन इतकं नसतं. हे खातं चाळीस_केव्हीचं.

चाळीस_केव्ही (रवि, रात्री १०:४४)

पट्टी कशावर बसवली होती?

गाळपेर (रवि, रात्री १०:४६)

प्लॅस्टिसिनवर.

चाळीस_केव्ही (रवि, रात्री १०:४७)

झालं मग.